मार्क ट्वेनचं हार्टफर्डमधलं घर: तासाभराच्या फेरीत काय आणि कसं पाहावं

न्यूयॉर्क आणि बॉस्टनच्या साधारण मध्यावर, कनेक्टिकट राज्यात हार्टफर्ड आहे. विमा कंपन्यांचं गाव म्हणून ते ओळखलं जातं आणि त्या कंपन्यांच्या आयटीच्या कामामुळे आसपास मराठी घरंही आहेत. पुण्या-नाशिकहून आई-बाबा आले की नायगारा, स्वातंत्र्यदेवी, वॉशिंग्टन हा दौरा ठरलेला असतो. घरापासून वीस मिनिटांवरचं ३५१, फार्मिंग्टन अव्हेन्यू मात्र ‘बघू कधीतरी’ करत राहून जातं. तिथे लाल-काळ्या विटांचं, कोनाकोनांचं, मनोरेवजा शिखरांचं एक घर उभं आहे. सॅम्युअल क्लेमेन्स, म्हणजे अमेरिकन लेखक मार्क ट्वेन, बायको आणि मुलींसह १८७४ ते १८९१ या काळात तिथे राहिला. आज ते संग्रहालय आहे.

घर २५ खोल्यांचं, साडेअकरा हजार चौरस फुटांचं. आत एकट्यानं हिंडता येत नाही, गाइडबरोबरच फिरावं लागतं आणि फेरी साधारण तासाभराची असते. म्हणजे एका खोलीच्या वाट्याला फार तर पाच-सात मिनिटं. नजर कुठे टाकायची हे आधी ठरवलं नसेल तर तास ‘अय्या, किती सुंदर झुंबर!’ यातच संपतो. माझ्या मते अशा घरात श्रीमंती बघू नये, घर चालायचं कसं ते बघावं. पैसा कुठून आला, उजेड आणि ऊब कशी यायची, वाढायचं-आवरायचं काम कोण करायचं, मुलं कुठे खेळायची आणि घरमालक कामाला कुठे बसायचा. पुढचा सगळा क्रम याच धाग्यावर लावला आहे.

आधी घरबसल्या

तिकीट संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून आधी काढा. फेऱ्यांना वेळ ठरलेली असते आणि एका फेरीत माणसं मोजकीच घेतात. ऑक्टोबरमध्ये, पानं रंगतात तेव्हा आणि शनिवार-रविवारी ऐनवेळी जागा मिळेलच असं नाही. हिवाळ्यात वेळापत्रक बदलतं, काही दिवस बंदही असतं, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी एकदा खात्री करा. नेहमीच्या फेरीशिवाय, त्या काळातल्या नोकरमाणसांच्या वेशात कलाकार घर दाखवतात अशा फेऱ्याही होतात. पहिल्यांदा जाणाऱ्यानं मात्र साधी फेरीच घ्यावी. नाटकी फेरी गमतीची असते, पण तिच्यात आपलं लक्ष घराऐवजी नटाकडे लागतं.

थोडं वाचून गेलात तर फरक पडतो. जाडजूड चरित्र वाचायची गरज नाही. मराठी माणसानं ‘फॉलोइंग द इक्वेटर’ या १८९७ च्या प्रवासवर्णनातली मुंबईची प्रकरणं तेवढी वाचावीत. स्वामित्वहक्क संपलेला असल्यामुळे पुस्तक इंटरनेटवर फुकट मिळतं. जानेवारी १८९६ मध्ये ट्वेन बोटीनं मुंबईला उतरला, वॉटसन हॉटेलात राहिला, नॉव्हेल्टी थिएटरात त्यानं व्याख्यान दिलं आणि मलबार हिल, पारश्यांची दोखमा (मृतदेह ठेवायचे मनोरे) असं सगळं पाहिलं. मुंबईच्या कावळ्यांवर तर त्यानं पानंच्या पानं लिहिली. त्याचा तो दौरा हौसेचा नव्हता. डोक्यावर कर्जाचा डोंगर होता आणि तो फेडायला साठीचा माणूस बायको आणि मधल्या मुलीला, क्लाराला, घेऊन जगभर व्याख्यानं देत फिरत होता. हार्टफर्डचं हे घर तेव्हा त्याच्याच मालकीचं होतं, पण घरच्यांपैकी तिथे कुणी राहत नव्हतं. त्यामागची हकिकत घर पाहताना एकेक करून उलगडते, म्हणून मुंबईची पानं आधी वाचलेली बरी.

पंधरा मिनिटं असतील तर कुटुंबाची नावं मनात पक्की करा. गाइड ती भराभर घेतो. बायको ऑलिव्हिया, घरात लिव्ही. पहिला मुलगा लँग्डन दीड वर्षाचा होऊन गेला, या घरात यायच्या आधीच. मग तीन मुली: १८७२ ची सूझी, १८७४ ची क्लारा, १८८० ची जीन. जॉर्ज ग्रिफिन हा बटलर आणि केटी लिअरी ही लिव्हीची खास मोलकरीण. बास, एवढं पुरे.

पोचायचं कसं

गाडी असेल तर आय-८४ वरून सिसन अव्हेन्यूचा एक्झिट घ्या, तिथून घर जवळ आहे. संग्रहालयाला स्वतःचं पार्किंग आहे. मॅनहॅटनहून आगगाडीनं यायचं तर ग्रँड सेंट्रलहून मेट्रो-नॉर्थनं न्यू हेवन आणि तिथे गाडी बदलून हार्टफर्ड लाइननं युनियन स्टेशन. स्टेशनापासून घर दीडेक मैलावर आहे आणि फार्मिंग्टन अव्हेन्यूवरून शहराच्या बस जातात. थंडीत ज्येष्ठ बरोबर असतील तर चालायचा मोह टाळा, सरळ टॅक्सी करा.

वेळेच्या तासभर आधी जा

बहुतेक लोक फेरीच्या पाच मिनिटं आधी धापा टाकत येतात. तुम्ही तास आधी पोचा. या तासात दोन कामं आहेत.

पहिलं काम संग्रहालयाच्या नव्या इमारतीत. ही इमारत २००३ ची. टेकडीच्या उतारात अशी बसवली आहे की जुन्या घराशी तिची बरोबरी होत नाही. तिकिटं, दुकान, प्रदर्शनं सगळं इथेच. संग्रहालयाकडे पेज कंपोझिटर नावाचं एक यंत्र आहे, जगात उरलेलं त्या जातीचं एकुलतं एक. सध्या कुठे ठेवलं आहे ते तिकीट देणाऱ्याला विचारा आणि जमलं तर घराआधी तेच पाहा.

का ते सांगतो. छापखान्यात शिशाचे खिळे हातानं उचलून एकेक ओळ जुळवायची, तो जमाना. ट्वेन स्वतः पोरवयात खिळे जुळवायचंच काम करत वाढलेला. जेम्स पेज नावाच्या माणसानं हे काम आपोआप करणारं यंत्र बांधायला घेतलं. ट्वेनला वाटलं, आपलं नशीब उघडलं. १८८० पासून पुढे चौदा वर्षं तो त्यात पैसे ओतत राहिला. एकंदर सुमारे तीन लाख डॉलर गेले. त्यात पुस्तकांची कमाई होती आणि लिव्हीच्या माहेरचा पैसाही. यंत्राला सुट्टे भाग सुमारे अठरा हजार. चालायचं तेव्हा झकास चालायचं, पण चालायचंच कमी. दरम्यान १८८६ मध्ये मर्गेनथालरचं लायनोटाइप हे याच कामाचं दुसरं यंत्र न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात सुरूही झालं. पेजचं यंत्र १८९४ मध्ये शिकागोच्या वृत्तपत्रात कसोटीला लागलं आणि वारंवार बंद पडलं. त्याच वर्षी ट्वेनची प्रकाशनसंस्थाही बुडाली. घराचा खर्च झेपेना म्हणून कुटुंब १८९१ मध्येच युरोपात राहायला गेलं होतं. म्हणजे पुढे तासभर ज्या खोल्या पाहायच्या, त्या सुटल्या यात या यंत्राचा मोठा हात आहे. ते आधी पाहिलं की दिवाणखान्यातल्या चांदीच्या नक्षीकडे बघायची नजरच बदलते.

दुसरं काम, घराला बाहेरून एक चक्कर. फेरीत बाहेरचा भाग जवळजवळ सुटतोच. एडवर्ड टकरमन पॉटर हा वास्तुशिल्पी मुख्यतः चर्चं बांधणारा, ते छपराच्या उभ्या चढांवरून कळतं. विटांचे लाल आणि काळे पट्टे, तिरप्या ओळींत बसवलेल्या विटा, छपरावरच्या रंगीत पाटीच्या दगडांची नक्षी, लाकडी सज्जे, लांबलचक व्हरांडा. लांबून पाहा, मग अगदी भिंतीजवळ जाऊन पाहा. ट्वेन तरुणपणी मिसिसिपीवर आगबोटीचा पायलट होता म्हणून घर आगबोटीसारखं बांधलं, असं कुणीतरी तुम्हाला सांगेलच. ती दंतकथा आहे. घराच्या योजनेत लक्ष घातलं ते लिव्हीनं. पैसाही तिचाच. वडील जर्व्हिस लँग्डन न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायराचे कोळशाचे बडे व्यापारी, ते १८७० मध्ये वारले आणि वारशाचा पैसा तिच्याकडे आला. नवऱ्याच्या नावानं ओळखलं जाणारं हे घर बांधलं बायकोच्या पैशानं.

स्वयंपाकघराचा भाग रस्त्याच्या बाजूला आहे, तोही बाहेरूनच हेरून ठेवा. त्या काळी स्वयंपाकघर मागे दडवायची रीत होती. नोकरांना रस्त्यावरची गंमत दिसावी म्हणून ट्वेननं ते पुढे घेतलं, असा किस्सा सांगतात. खरं कारण बहुधा जमिनीच्या उतारात आणि बागेकडे तोंड करून बसायच्या हौसेत असावं. खरं-खोटं काहीही असो, दिवाणखान्याच्या आणि ग्रंथालयाच्या खिडक्यांतून काय दिसतं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून काय, हे ताडून पाहण्यासारखं आहे.

तळमजला

एक सूचना आधी. आत अंधार वाटेल. दिवे मुद्दाम गॅसबत्तीच्या मानानं मंद ठेवलेले असतात. शिरल्याशिरल्या फोन काढू नका (फोटोंचे नियम तसेही बदलत असतात, गाइडला विचारून घ्या). मिनिटभर नुसतं उभं राहा. डोळे सरावले की दिवाणखान्याबाहेरचा मोठा हॉल उलगडायला लागतो: तांबड्या भिंती आणि छत, त्यावर गडद नक्षी, भिंतींच्या खालच्या भागातल्या लाकडी फळ्यांवर साच्यानं उमटवलेली चंदेरी नक्षी. हलत्या ज्योतीत ती शिंपल्याच्या जडावासारखी चमकावी असा हिशेब होता. भर उजेडात ती नुसती रंगकाम वाटली असती.

ही सजावट घर बांधतानाची नव्हे. आधी सात वर्षं कुटुंब साध्या भिंतींत राहिलं. १८८१ मध्ये पुस्तकांचे पैसे आले तेव्हा त्यांनी लुई कम्फर्ट टिफनीच्या ‘असोसिएटेड आर्टिस्ट्स’ या मंडळीला काम दिलं. त्यात टिफनीबरोबर कँडेस व्हीलर, सॅम्युअल कोलमन आणि लॉकवुड डी फॉरेस्ट होते. डी फॉरेस्ट याच सुमारास हिंदुस्थानात आला होता आणि तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या अहमदाबादेत मगनभाई हठीसिंग यांच्याबरोबर त्यानं लाकडी कोरीवकामाचा कारखाना काढला. या घरात मोरोक्को, तुर्कस्तान, हिंदुस्थान, चीन, जपान अशा सगळीकडच्या नक्ष्या एकात एक मिसळल्या आहेत. मला ही सरमिसळ कधी थोर वाटते, कधी भंगारबाजारातल्यासारखी. तुम्हाला काय वाटतं ते तुम्हीच पाहा, पण नक्षी एकदा मनातल्या मनात सुटी करून बघा: कुठली जाळी, कुठली वेल, कुठली चौकट.

दिवाणखाना फिकट गुलाबी आणि चंदेरी, मोठा उभा आरसा. इथे फार अडकू नका. पाहुण्यांना दाखवायची खोली, तिच्यात घरच्यांचं असं थोडंच.

जेवणाची खोली मात्र नीट पाहा. भिंतीवर कमळासारख्या लिलीच्या फुलांचा उठावाचा कागद आहे, तो लांबून चामडं वाटतो. शेकोटीकडे या. तिच्या नेमक्या वर खिडकी आहे. धुराडं तिथून वर जायला हवं होतं, मग खिडकी कशी? धुराडं दोन्ही बाजूंना वळवून खिडकीच्या कडेनं वर नेलं आहे. खाली आग आणि वर काचेपलीकडे पडणारं बर्फ, दोन्ही एकाच नजरेत दिसावं ही ट्वेनची हौस. जानेवारी-फेब्रुवारीत बर्फ पडत असताना फेरी मिळाली तर थंडीचं सार्थक झालं म्हणा.

याच खोलीत जॉर्ज ग्रिफिनबद्दल विचारा. गुलामगिरीत जन्मलेला हा माणूस खिडक्या धुवायच्या कामापुरता आला आणि दीड-दोन दशकं राहिला. जेवणावळीत ट्वेन मध्येच उठून फेऱ्या मारत गोष्टी सांगायचा. जॉर्ज पडद्याआड उभा असायचा आणि विनोद त्याला आधीच पाठ, त्यामुळे गोष्ट शेवटाला पोचायच्या आत तो हसायचा. गंमत म्हणून हे सांगतात, पण जरा थांबून विचार करा. घरात सहा-सात नोकर होते, मागचा जिना वेगळा होता, बोलायच्या नळ्या आणि घंटा होत्या. पुढच्या दालनातलं सगळं हसणं-बोलणं त्या मागच्या बाजूच्या कष्टांवर चालायचं. वाड्यात सोप्यावरच्या पंगतीसाठी माजघर-मुदपाकखाना राबायचा, तसंच. फेरीत स्वयंपाकघराचा भाग दाखवत असतील तर मुळीच चुकवू नका. तुमच्या फेरीत तो नसेल तर कुठल्या फेरीत असतो ते विचारा.

ग्रंथालय ही घरातली माझी सगळ्यात आवडती खोली. मोठी कोरीव लाकडी शेकोटीची चौकट स्कॉटलंडमधल्या एटन कॅसलमधून विकत आणलेली आहे. तिच्यावर पितळी पट्टी बसवली आहे, त्यावर अमेरिकन विचारवंत एमर्सनचं वाक्य: घराचं भूषण म्हणजे घरी येणारी मित्रमंडळी. चौकटीवर आणि बाजूच्या फळ्यांवर मांडलेल्या वस्तूंकडे लक्ष द्या. रात्री मुली बाबाला गोष्ट सांगायला लावायच्या, पण त्यांची अट कडक: एका टोकाच्या मांजराच्या चित्रापासून सुरुवात, मग प्रत्येक शोभेची वस्तू क्रमानं गोष्टीत आली पाहिजे, आणि शेवट ‘एमेलिन’ नावाच्या मुलीच्या चित्रावर. क्रम मोडला की गोष्ट बाद. रोज नवी गोष्ट, वस्तू त्याच. बरोबर मुलं असतील तर त्यांना इथे हा खेळ सुचवा. गाइड पुढच्या खोलीत जायची घाई करेल, पण मुलं परतीच्या गाडीत तो खेळत राहतील.

लागूनच काचेची, झाडांनी भरलेली कन्झर्व्हेटरी आहे. मधे कारंजं. हार्टफर्डच्या हिवाळ्यात हिरवं काही दिसायचं ते इथेच. मुलींचं जंगलही हेच, सिंहाच्या शिकारीला त्या बाबाला घेऊन इथेच शिरायच्या.

वरचे मजले

गाइड ‘सेकंड फ्लोअर’ म्हणेल तो आपला पहिला मजला. निजायच्या खोलीतला काळ्या अक्रोडाचा भला थोरला पलंग १८७८ च्या प्रवासात व्हेनिसमध्ये विकत घेतला. डोक्याच्या बाजूच्या फळीवर कोरीव देवदूत, खांबांवरही छोटे देवदूत. उशा मात्र पायथ्याशी ठेवलेल्या दिसतील. चूक नाही ती. एवढे पैसे ज्या कोरीवकामाला मोजले ते निजल्यावर दिसायला नको का, म्हणून नवरा-बायको उलटे झोपायचे. खांबांवरचे देवदूत निघायचे आणि मुली त्यांना बाहुल्यांसारख्या न्हाऊ-माखू घालायच्या. पुढे १९१० मध्ये ट्वेन याच पलंगावर गेला, या घरात नव्हे, कनेक्टिकटमधल्याच रेडिंग गावातल्या शेवटच्या घरात.

मुलींच्या खोलीत भिंतीवर वॉल्टर क्रेननं चितारलेला बेडकाच्या लग्नाचा कागद आहे. शेजारी अभ्यासाची खोली: लिव्ही मुलींना घरीच शिकवायची. इथे सूझी लक्षात ठेवा. तेरा वर्षांची असताना तिनं बाबाचं चरित्र लिहायला घेतलं होतं, आधी चोरून. शुद्धलेखनाच्या चुकांसकट ते ट्वेननं जपून ठेवलं.

१८९६ मध्ये आई, बाबा आणि क्लारा हिंदुस्थान, दक्षिण आफ्रिका करत इंग्लंडला पोचले. सूझी आणि जीन अमेरिकेतच होत्या, थोड्याच दिवसांत इंग्लंडला यायच्या होत्या. सूझी त्या उन्हाळ्यात हार्टफर्डला मैत्रिणींकडे आली आणि आजारी पडली, तेव्हा तिला याच रिकाम्या घरात आणलं. मेंदूज्वर. १८ ऑगस्टला ती इथे गेली, वय २४. लिव्ही आणि क्लारा अटलांटिकवर बोटीत होत्या, ट्वेनला इंग्लंडमध्ये तार मिळाली. त्यानंतर कुटुंब या घरात राहायला कधीच आलं नाही. १९०३ मध्ये घर विकलं. मुंबईची हसरी पानं ट्वेननं लिहून काढली ती या बातमीनंतर, लंडनमध्ये.

सगळ्यात वर, आपल्या हिशेबानं दुसऱ्या मजल्यावर, बिलियर्ड्सची खोली. ट्वेन इथेच लिहायचा, खालच्या मजल्यावर मुलींचा गलका असायचा म्हणून. छताकडे पाहा: बिलियर्ड्सच्या काठ्या, चिलमा, असे त्याच्या शौकांचे नमुने रंगवले आहेत. मेज कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. बाहेर सज्जा आणि झाडं, सुंदर देखावा, आणि लेखक त्याच्याकडे पाठ करून. एखादं पुस्तक अडलं की तो कागद कप्प्यात सारून द्यायचा आणि डोक्यातली ‘टाकी’ पुन्हा भरेपर्यंत थांबायचा. ‘हकलबेरी फिन’चं हस्तलिखित असंच कैक वर्षं पडून होतं. बरंचसं लिखाण मात्र उन्हाळ्यात एल्मायराला, मेव्हणीच्या शेतावर व्हायचं. ‘हे पुस्तक या मेजावर लिहिलं’ असं कुणी सांगितलं तर जरा सांभाळूनच घ्या.

गाइडला काय विचारायचं

इथले गाइड जाणकार असतात आणि त्यांना प्रश्न आवडतात. फक्त ‘याची किंमत किती?’ हा प्रश्न नको. विचारायला दोन चांगले प्रश्न आहेत. यातलं मूळचं काय आणि नंतर आणलेलं काय? हा पहिला. कारण घर विकल्यावर ते बिसेल कुटुंबाकडे गेलं, मग मुलांची शाळा भरली, गोदाम झालं, भाड्याच्या खोल्या पडल्या. पाडापाडीच्या बेतातून ते १९२९ मध्ये वाचवलं कॅथरीन सीमोर डे या बाईंनी. काही वर्षं तळमजल्यावर सार्वजनिक वाचनालय चालायचं. जुना रंग, जुनी नक्षी शोधून काढायचं काम १९७४ मध्ये, घराच्या शंभरीला, पुरं झालं. तेव्हा तुम्ही जे पाहता त्यातलं बरंच काही शोधून, जुळवून पुन्हा उभं केलेलं आहे.

दुसरा प्रश्न: त्या काळी नवीन काय होतं? गरम पाण्याचे नळ, मध्यवर्ती उष्णता, चोरघंटा आणि टेलिफोन. टेलिफोनवर ट्वेन सतत वैतागायचा. खिळे जुळवायच्या यंत्रावर मात्र त्याचा इतका भरवसा! हे दोन्ही एकाच माणसात कसं बसलं, त्यावर गाइडशी छान गप्पा होतात.

आई-बाबा आणि मुलं

तीन मजले आहेत, जिने आहेत, बसायला खुर्च्या दिसतात पण त्यांवर बसू देत नाहीत. गुडघे दुखत असतील तर तिकीट काढण्याआधीच फोन करून विचारा: कुठला भाग पायऱ्यांशिवाय पाहता येतो, बाकीचा व्हिडिओवर दाखवतात का. तळमजला आणि नवी इमारत एवढंच पाहिलं तरी फार काही हुकत नाही, शेकोट्या आणि कन्झर्व्हेटरी खालीच आहेत. गाइड भरभर अमेरिकन इंग्रजी बोलतो. ज्यांना ते पेलत नाही त्यांना आधी चार गोष्टी मराठीत सांगून ठेवा आणि फेरीत कानाशी कुजबुजणं टाळा, बाकीच्यांचा रस जातो. आत खाणं-पिणं नसतं. मोठ्या पिशव्या, पाठीवरच्या सॅक गाडीतच ठेवा, अरुंद जागी वस्तूंना लागतात. पाच-सहा वर्षांच्या आतलं मूल तासभर हात न लावता चालेल ही अपेक्षा मीही करणार नाही. आई-बाबांपैकी एकानं त्याला हिरवळीवर खेळवावं आणि पुढच्या फेरीत जागा असेल तर आपला नंबर लावावा.

शेजारचं घर

त्याच आवारापलीकडे, दोन मिनिटांच्या चालीवर हॅरिएट बीचर स्टोचं घर आहे. ‘अंकल टॉम्स केबिन’ लिहिणारी ती ही. १८७३ पासून १८९६ मध्ये वारेपर्यंत ती इथे राहिली. घर लहान, साधं, आणि त्यामुळेच ट्वेनच्या घरानंतर पाहायला हवं. ज्या वर्षी स्टो इथे राहायला आली त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं, आणि गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामातल्या औदार्य, निरपेक्षता, परोपकारबुद्धी यांसाठी ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. इथल्या फेरीत वस्तू कमी, चर्चा जास्त असते: वंश, गुलामगिरी, आज काय चाललंय. बोलायला तयार असलेल्यांनी जावं. अर्पणपत्रिकेची हकिकत तिथे सांगितलीत तर ऐकणारे थबकतात.

दोन्ही घरं एका दिवसात होतात, पण सकाळी ट्वेन, मधे जेवण, दुपारी स्टो असं करा. लागोपाठ दोन फेऱ्या केल्या की दुसरीत डोकं चालत नाही. आणखी वेळ उरलाच तर गावातलं वॉड्सवर्थ अथेनिअम हे १८४२ पासूनचं कलासंग्रहालय आहे. पण तो वेगळ्या दिवसाचा विषय आहे, एवढ्यासाठी तिथे अर्धा तास घुसू नका.

दुकानातून काय घ्यावं हे विचाराल तर जाडजूड चरित्रांऐवजी घराच्या खोल्यांचं चित्रमय पुस्तक. फेरीत पाहिलेली नक्षी शांतपणे पाहायची तीच जागा. आणि मुंबईला परत गेल्यावर काळा घोड्याला वॉटसन हॉटेलची इमारत, आताची एस्प्लनेड मॅन्शन, रस्त्यावरून पाहता येते. तिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात तयार होऊन बोटीनं आला होता. इमारतीची हालत वाईट आहे, त्यामुळे आत जायचा हट्ट नको, समोरच्या फुटपाथवरून सज्जांच्या रांगा पाहा. कावळे तिथे अजून भरपूर आहेत.